पासबुक : खाती सात, शिल्लक कुठे?

घरच्या पैशांविषयी वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त बँक अधिकारी बाईंची उत्तरे

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. यांचा पगार ५२ हजार, महिनाअखेरीस जमा होतो. माझा ३१ हजार, ७ तारखेला. दोघांची मिळून सात खाती आहेत. तीन जुन्या कंपन्यांची पगाराची, दोन सध्याच्या पगाराची, एक माझे लग्नाआधीचे सरकारी बँकेतले आणि एक गावाकडे यांचे व सासूबाईंचे मिळून. घराच्या कर्जाचा हप्ता २१,४०० रुपये, यांच्या पगाराच्या खात्यातून ५ तारखेला जातो. गेल्या वर्षी दोनदा हप्ता परत गेला. घरात पैसे नव्हते असे नाही, ते माझ्या खात्यात होते. शिवाय २० तारखेनंतर रोजची चणचण, आणि जूनमध्ये मुलांची फी भरताना माझ्या पाटल्या गहाण. सगळे पैसे एकाच खात्यात घेऊ, की प्रत्येक खर्चाला वेगळे खाते करू? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, दोन्ही नको. एकच खाते केलेत की मोबाइलवर दिसणारे साठ हजार सगळे आपलेच वाटतात. त्यात ५ तारखेचा हप्ता आहे, जूनची फी आहे, गाडीचा विमा आहे, पण आकडा काही तसे सांगत नाही. आणि प्रत्येक खर्चाला खाते काढलेत तर निम्मा जीव किमान शिल्लक सांभाळण्यात जाईल. तुम्ही पैशांची टंचाई कळवलीत, पण पत्रातले आकडे मांडून पाहिले तर पैसे पुरतात. तारखा जुळत नाहीत.

खाती किती ठेवायची याला माझे एकच माप आहे. तुमचा फोन हातात नसताना घरातल्या दुसऱ्या माणसाला जेवढी खाती तोंडपाठ सांगता येतील तेवढीच. बहुतेक घरांत तीनच्या पुढे गाडी जात नाही. तुमचीही तीनच ठेवू.

पहिले यांच्या पगाराचे. ते फक्त हप्त्यांचे खाते. गृहकर्ज २१,४००, तुम्ही लिहिलेली पाच हजारांची एसआयपी आणि सोसायटीचे २,६०० असे २९ हजार त्यातून जातील. त्याला यूपीआय जोडायचे नाही, जोडलेले असेल तर काढून टाका, आणि डेबिट कार्ड कपाटात. एका हप्त्याएवढी रक्कम त्यात कायम पडून राहू दे. त्यावर व्याज जवळजवळ नाही हे मला माहीत आहे. पण हप्ता परत गेला की दंड, दंडावर जीएसटी आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग, हे सगळे त्या बुडालेल्या व्याजापेक्षा महाग पडते.

दुसरे रोजच्या खर्चाचे. त्यासाठी तुमचे लग्नाआधीचे खाते घ्या आणि त्यात यांचे नाव घालून 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे, करून घ्या. यूपीआय दोघांच्या फोनवर फक्त याच खात्याचे. किमान शिलकीचा दंड तिथे आहे का, एवढे शाखेत विचारून घ्या. स्टेट बँकेने तो २०२० मध्ये बंद केला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी. किराणा, भाजी, दूध, पेट्रोल, औषधे, कामवाल्या मावशी, रिक्षा, रविवारचे बाहेरचे जेवण, सगळे इथून. तुमच्या यादीप्रमाणे हा खर्च महिन्याला २८ हजार होतो. तो १ तारखेला एकगठ्ठा टाकू नका. १, ८ आणि १५ तारखेला साडेसहा-साडेसहा हजार, २२ तारखेला साडेआठ. शेवटचा 'आठवडा' नऊ-दहा दिवसांचा असतो, म्हणून त्याला जास्त. तुमची २० तारखेची चणचण बहुतेक इथेच सुटेल, कारण आज तुम्ही पहिल्या पंधरवड्यात १८-२० हजार उडवत असणार. बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शन एकदा लावली की दर आठवड्याला आठवण ठेवावी लागत नाही. यातले २३ हजार यांच्या पगारातून येतील आणि २२ तारखेच्या रकमेतले पाच हजार तुमच्या.

तिसरे तुमच्या पगाराचे, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे, म्हणून ते तुमच्याच नावावर राहू दे. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च तुम्ही पत्राच्या पाठीमागे लिहिलेत ते असे : मुलांची फी ८४ हजार (जून आणि नोव्हेंबर मिळून), टर्म विमा १४ हजार, आरोग्य विमा २२ हजार, गाड्यांचा विमा ११ हजार, गणपती-दिवाळी ३० हजार, घरपट्टी ७ हजार, गावची जत्रा आणि लग्नसराईतले आहेर २४ हजार. बेरीज एक लाख ९२ हजार. बाराने भागा, महिन्याला १६ हजार. जूनची फी दर वर्षी जूनमध्येच येते, तरी घरोघरी ती अचानक आल्यासारखी भरली जाते!

या १६ हजारांची आवर्ती ठेव करू नका. आवर्तीचे पैसे एका ठरलेल्या तारखेला सुटतात, तुमचे खर्च मात्र वर्षभर विखुरलेले आहेत. त्यापेक्षा या खात्यावर ऑटो स्वीप मागा. ठरावीक शिलकीच्या वरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात आणि गरज पडली की तेवढाच तुकडा मोडून परत येतो. पहिल्या वर्षी ही रक्कम खर्चाच्या मागे धावेल. गणपतीला कमी पडेल किंवा विम्याला. तेवढे आणीबाणीच्या पैशांतून उचला आणि परत भरा. दुसऱ्या वर्षापासून घडी बसते.

तुमच्या ३१ हजारांतून १६ असे गेले, पाच घरखर्चाला, सहा आणीबाणीच्या ठेवीला. उरतात चार. दोन तुमचे, दोन यांचे. त्यांचा हिशेब एकमेकांना मागायचा नाही. हे कलम बँकेचे नाही, संसाराचे आहे.

आता राहिली जुन्या कंपन्यांची तीन खाती. ती बंद करा, पण घाईने नको. प्रत्येकाचे पूर्ण वर्षाचे स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचे पाहून भागत नाही, कारण विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच जातो. प्राप्तिकराचा परतावा, गॅसचे अनुदान, डीमॅट यांपैकी काय काय तिथे जोडलेले आहे ते पाहून आधी हलवा, मग अर्ज द्या आणि खाते बंद झाल्याचे पत्र मागून घ्या. पगार येणे थांबले की काही महिन्यांत बँक त्या खात्याला साधे बचत खाते करते आणि किमान शिलकीचा नियम लागतो. मात्र केवळ त्या दंडापायी बचत खाते उणे करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना मनाई केली आहे. खाते बंद करताना कोणी 'आधी उणे रक्कम भरा' म्हणाले तर ती कशाची आहे हे लेखी मागा.

गावच्या खात्याला हात लावू नका. ते सासूबाईंचे आहे, यांचे नाव त्यांच्या सोयीसाठी. आणि पाटल्या आधी सोडवा. एसआयपी तोवर थांबली तरी चालेल.

प्रश्न : आमच्या घरी दोन म्हशी आहेत. दूध बिल दर दहा दिवसांनी माझ्या जिल्हा बँकेच्या खात्यावर येतं. लाडकी बहीणचे दीड हजार मात्र तिथं येईनात. फॉर्मवर हाच नंबर दिला होता. चार महिन्यांनी कळलं की पोस्टाच्या बँकेत पडले होते. शिवाय बचत गटाचे दोनशे, बायकांची भिशी हजाराची आणि पतसंस्थेची पिग्मी रोज पन्नास. मालक म्हणतात, एवढे फाटे कशाला, सगळं माझ्या खात्यावर घे, ऊसबिलात धरू. काय करू? — एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : मालकांच्या खात्यावर घेऊ नका. भांडणाचा विषय करायची गरज नाही, कारण व्यवहाराचे सांगता येईल. उसाच्या बिलातून आधी सोसायटीच्या पीक कर्जाची वसुली होते. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर राज्यात शून्य टक्क्याने पडते, आणि ती वेळ चुकू न देणे हे त्या खात्याचे पहिले काम. त्यात तुमचे दीड हजार आणि दुधाचे पैसे मिसळले की कोणाचे किती, हे दोघांनाही सांगता येणार नाही.

पैसे पोस्टात कसे गेले? सरकारी योजनांचे पैसे आता आधारवरून जातात. फॉर्मवर कोणता खाते नंबर होता याला मग महत्त्व राहत नाही. आधार एका वेळी एकाच बँकेशी या कामासाठी जोडलेले असते, आणि ज्या बँकेला तुम्ही शेवटची संमती दिलीत ती धरली जाते. पोस्टमनने अंगठा घेऊन खाते उघडून दिले असेल, तेव्हा ती संमती गेली. कुठे जोडलेले आहे ते माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसते. मुलांपैकी कोणाकडून पाहून घ्या, ओटीपी मात्र स्वतःच्या फोनवरचा स्वतः टाका. जिल्हा बँकेतच हवे असेल तर शाखेत आधार जोडणीचा फॉर्म भरून द्या. पण मी तुमच्या जागी असते तर पोस्टातच राहू दिले असते. दुधाच्या पैशात मिसळत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पोस्ट पेमेंट्स बँकेत दोन लाखांपर्यंतच शिल्लक ठेवता येते, तुम्हाला ती मर्यादा आड येणार नाही. तिथून दर महिन्याला हजार रुपये पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्तीत वळवा. ती शंभर रुपयांपासून उघडता येते आणि तिच्यामागे केंद्र सरकार उभे आहे.

दूध बिल आले की ते सगळे कमाई समजू नका. त्यात पेंडीचे आणि डॉक्टरचे पैसे आहेत. महिन्याच्या तीन बिलांपैकी पहिले म्हशींचे, दुसरे घरच्या किराण्याचे आणि तिसऱ्यातले उरेल ते बाजूला, असे धरून पाहा. म्हैस आटली की दोन-तीन महिने ते बाजूचेच उपयोगी पडतात. भाकड काळ ठरलेला आहे, त्याची तरतूद मात्र गोठ्यात कोणी करत नाही.

पिग्मीबद्दल. ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेने सुरू केली, रोजचे दोन आणे दारात येऊन गोळा करायचे. ज्याच्या हातात रोज रोकड येते, म्हणजे पानटपरीवाला, भाजीवाला, सलूनवाला, त्याच्यासाठी ती उत्तमच. तुमची रोकड दहा दिवसांनी येते. रोजच्या पन्नासांसाठी तुम्ही बहुधा किराण्यातले पैसे काढता. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखे विम्याचे संरक्षण नसते. चालू पिग्मीची मुदत पूर्ण होऊ द्या, मध्ये मोडली तर व्याज जाते. पुढची नको.

बचत गट सोडू नका. कर्ज मागायची वेळ आली तर दोनशे रुपयांची ती शिस्तच कामाला येते. भिशी चिठ्ठी टाकून आणि बारा ओळखीच्या घरांत असेल तर चालू द्या. लिलावाची असेल, म्हणजे गरजू बाई कमी रकमेत उचलते आणि फरक बाकीच्यांत वाटला जातो अशी, तर ही फेरी संपल्यावर बाहेर पडा. चिट फंडांना १९८२ चा कायदा आहे आणि नोंदणी लागते. गल्लीतल्या लिलाव भिशीचा कागद कुठेच नसतो, बुडाली की दाखवणार काय?

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, वय ६७. सगळी ठेव गावातल्या एकाच नागरी सहकारी बँकेत, दोन शाखांत मिळून. माझ्या नावावर बचत ८० हजार आणि मुदत ठेव ९ लाख. मी व पत्नी यांच्या नावे ६ लाख. पत्नीच्या एकटीच्या नावे १ लाख ७० हजार. बँक चांगली आहे, संचालक ओळखीचे. तरी मुलगा घाबरवतो. बँक बुडाली तर मिळणारा पाच लाखांचा विमा प्रत्येक ठेवीला की प्रत्येक शाखेला? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, प्रत्येक ठेवीलाही नाही आणि शाखेलाही नाही. एका बँकेत, एका नात्याने, म्हणजे त्याच एका नावाने किंवा त्याच जोडनावाने, ठेवलेल्या सगळ्या रकमेला मिळून, व्याजासह पाच लाख. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती.

तुमच्या एकट्याच्या नावे ९ लाख ८० हजार, त्यातले पाच लाख सुरक्षित. जोडनावावर सहा, त्यातले पाच. बाईंचे १ लाख ७० हजार पूर्ण. म्हणजे साडेसतरा लाखांपैकी ११ लाख ७० हजारांना संरक्षण आहे आणि ५ लाख ८० हजार उघड्यावर. जोडखात्यात नावांचा क्रम उलटा केला, आधी बाई मग तुम्ही, तर ते वेगळे नाते धरतात आणि त्याला आणखी पाच लाख मिळतात. नियमात बसते. पण या युक्तीवर फार भरवसा ठेवू नका. विम्याने पैसे मिळतात, तरी वेळ जातो. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे, पैसे काढण्यावरचे निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधल्या काळात अनेकांची म्हातारपणे निघून गेली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद झाली, ही मोठी सुधारणा. तरी औषधाच्या पैशांना तीन महिने थांबता येत नाही.

म्हणून ठेवी मोडू नका, मोडल्या की दंड पडतो. जी आधी पिकेल ती पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. निवृत्तिवेतन दुसऱ्या, मोठ्या बँकेत येते असे गृहीत धरते. नसेल तर ते आधी हलवा. सहा महिन्यांचा घरखर्च एका बँकेत आणि बाकी ठेव दुसरीकडे, एवढी फारकत पुरे. संचालक ओळखीचे आहेत हे ठेवीदाराच्या कामाचे नाही, गुरुजी. निर्बंध लागले की ते ओळख देतात, पैसे देऊ शकत नाहीत.

प्रश्न : वडील गेले. कपाटात पाच पासबुके सापडली, दोन बँकांची नावेही आता बदललीत. आणखी कुठे काही असेल तर कसे शोधू? एका खात्यावर फक्त माझे नॉमिनेशन आहे, बहिणी विचारतात की तो पैसा माझाच का. — एक वाचक, नाशिक

उत्तर : बँका विलीन झाल्या तरी खाती नव्या बँकेत चालू असतात, जुने पासबुक घेऊन जवळच्या शाखेत जा. दहा वर्षे कोणी हात न लावलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण हक्क जात नाही, बँकेकडे मागता येते. शोधायला रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' पोर्टल २०२३ पासून आहे. वडिलांचे नाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिले गेले असेल तितक्या तऱ्हांनी टाकून पाहा. जुनी पोस्टाची सर्टिफिकिटे तिथे दिसत नाहीत, त्यासाठी पोस्टातच जावे लागेल.

बहिणींचे म्हणणे रास्त आहे. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हाती पैसे सोपवायचे तो माणूस. वाटा वारसांचा असतो. पैसे घ्या आणि मृत्युपत्र नसेल तर वाटून द्या. तुमच्या स्वतःच्या खात्यांवर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. आणि एका कागदावर बँक, शाखा, खाते नंबरचे शेवटचे चार आकडे, नॉमिनी कोण, एवढे लिहून बायकोकडे द्या. पासवर्ड आणि पिन त्यावर लिहू नका.

प्रश्न : बचत खात्यावर सगळ्यात जास्त व्याज कोणती बँक देते? महिन्याच्या १० तारखेच्या आत पैसे भरावेत हे खरे का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : मोठ्या बँकांत सध्या अडीच टक्क्यांच्या आसपास. तुम्ही सरासरी ५० हजार ठेवता असे लिहिलेत. अर्धा टक्का जास्त मिळाला तर वर्षाला अडीचशे रुपये. त्यासाठी खाते बदलू नका. १० तारखेचा नियम जुना झाला. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर धरतात. पीपीएफला मात्र तारीख अजून आहे. तिथे ५ तारखेनंतर भरलेल्या पैशांना त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, म्हणून चेकने भरणार असाल तर तो वटायला लागणारे दिवस धरून आधीच भरा.